इंजिन बोटीवर चढत नाही

सूर्यकांत निमकरांना कुणी चहा विचारला, की ते आधी 'नको' म्हणत. त्या नकोचा चहाशी काही संबंध नसे. पहिलं नको रीत म्हणून, दुसरं समोरच्याला खरंच द्यायचाय का हे बघायला, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर 'बरं, अर्धा कप' असं म्हणून पूर्ण कप प्यायचा, हे त्यांच्या पुण्याच्या घरात आजोबांपासून चालत आलं होतं. एकदा विचारताच हो म्हणणारा तो हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा तो मनातून न विचारणारा. अशा घरातली माणसं खरं तर उपाशीच मरायची, पण तिथे कुमुदसारखी एखादी बाई असते म्हणून निभावतं. कुमुद म्हणजे निमकरांची बायको. "ह्यांना वाढा हो, नको म्हणतायत म्हणजे भूक लागलीये," असं ती भर पंगतीत सांगून टाकायची. निमकर वरवर रागावायचे आणि मुकाट जेवायचे.

कुमुद जाऊन दोन वर्षं झाली होती. निमकर आता आखातात, फुजैराच्या समुद्रात, नांगरून ठेवलेल्या एका निकामी बोटीवर राहत होते.

निकामी म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. धंद्यातून काढलेली पण मोडीत न घातलेली बोट अशी एका जागी उभी करून ठेवतात, गिऱ्हाईक मिळेपर्यंत. ती बुडू नये, पेटू नये, गंजून तिला भोकं पडू नयेत म्हणून तिच्यावर चार माणसं ठेवावी लागतात. निमकर जन्मभर जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. उतारवयात कंपनीनं त्यांना हे काम दिलं, तेव्हा चार माणसं होती. मालकाचा उत्साह आटला तशी दोन गेली. उरले निमकर आणि हनीफ.

हनीफ रत्नागिरीकडचा, बोटीचा स्वयंपाकी. पंप चालू करण्यापासून दोर बांधण्यापर्यंत बाकीची कामंही तोच करायचा. पहिल्या महिन्यातच त्यानं साहेबांची नस ओळखली. जहाजाच्या पोटातून चहा घेऊन चार जिने चढायचे, नको ऐकून खाली जायचं, परत यायचं, एवढी त्याच्या गुडघ्यांत ताकद नव्हती. म्हणून तो दारात उभा राहून एका दमात विचारायचा, "साहेब, चहा घेणार? घेणार? घेणार?" आणि निमकर गंभीरपणे म्हणायचे, "बरं, अर्धा कप." दोघांनाही त्यात काही विनोदी वाटेनासं झालं होतं.

बोटीच्या मागच्या अंगावर रंगानं लिहिलेलं नाव कुठल्यातरी आखाती कंपनीचं होतं. पण ऊन तिरपं पडलं की त्या रंगाखालून जुनी, लोखंडाची जोडलेली अक्षरं वर यायची. ती जपानी होती. बोटीचं मूळ नाव ओमाकी मारू. जपानच्या उत्तरेला दोन बेटांमध्ये एक सामुद्रधुनी आहे. तिच्यावर पूल नव्हता, आणि आगगाडीला तर पलीकडे जायचं होतं. तेव्हा जपान्यांनी बोटीच्या पोटात रूळ टाकले आणि डबेच्या डबे आत घेऊन, पाण्यावरून चार तासांत पलीकडे नेऊन, तिथल्या रुळांवर उतरवायला सुरुवात केली. ओमाकी मारू त्याच कामासाठी जन्मली होती.

हे निमकरांना आधी ठाऊक नव्हतं. बोटीच्या खालच्या मोठ्या डेकवर मधल्या कुण्या मालकानं पत्र्याच्या खोल्या ठोकल्या होत्या. तेलविहिरींवरच्या मजुरांना तिथे ठेवत. भिंतींवर अजून चिकटवलेले आरसे होते आणि कुणाकुणाच्या देवांच्या तसबिरी. एकदा गळती शोधताना निमकरांनी एका खाटेखालचं डांबर खरवडलं आणि खाली रूळ लागला. दुसऱ्या खाटेखालीही लागला. पुढे त्यांना नादच लागला. इंजिनरूममधले जुने नकाशे, बोटीच्या तपासणीला आलेल्या एका जपानी म्हाताऱ्याची तोडकीमोडकी इंग्रजी, आणि फोनवर बघितलेल्या जुन्या फिल्मा, एवढ्यावर त्यांनी बोटीचं सगळं चरित्र उभं केलं. ऐकायला हनीफच होता.

"हे बघ," ते सांगायचे, "एका बाजूला डबे चढले की बोट कलणार. म्हणून लगेच दुसऱ्या बाजूच्या टाकीत पाणी भरायचं. ह्या बघ त्या टाक्या. त्यांतला पंप अजून फिरतो."

"फिरतो तर फिरू दे, साहेब. आता कोण चढतंय डबा घेऊन?"

चोपन्न साली मोठं वादळ झालं. ओमाकीच्या आधीच्या बोटी त्यात बुडाल्या, हजारावर माणसं गेली. मग जपाननं दोन गोष्टी केल्या. नव्या बोटींना मागून पाणी शिरणार नाही असे भक्कम दरवाजे बसवले, आणि समुद्राच्या खालून बोगदा खणायला घेतला. म्हणजे ओमाकी मारू बांधली तेव्हाच तिची जागा घेणारा तिच्या पोटाखाली खणला जात होता. अठ्ठ्याऐंशीत बोगदा सुरू झाला आणि बोटी थांबल्या. शेवटच्या फेरीला धक्क्यावर गर्दी झाली होती. तिकडची रीत अशी, की बोटीवरच्यानं कागदाच्या रंगीत फितीचं एक टोक धरायचं आणि किनाऱ्यावरच्यानं दुसरं. बोट निघते, फीत उलगडत जाते, संपते आणि तुटते. घंटा वाजते. ती फिल्म निमकरांनी बऱ्याचदा बघितली होती.

पण त्यांना सगळ्यात नवल वाटलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इंजिन कधी बोटीवर चढत नसे. किनारा आणि बोट ह्यांच्यामध्ये एक हलता पूल असायचा आणि इंजिनाचं वजन त्याला झेपायचं नाही. म्हणून इंजिन आणि मालाचे डबे ह्यांच्यामध्ये दोन-तीन रिकामे सपाट डबे जोडायचे. इंजिन किनाऱ्यावर उभं राहून ढकलायचं, रिकामे डबे पुलावर जायचे, आणि मालाचे डबे अलगद बोटीच्या पोटात पोचायचे.

"त्या रिकाम्या डब्यांत काय?" हनीफनं विचारलं होतं.

"काही नाही. त्यांचं काम नुसतं मध्ये असणं."

"आणि ते काढले तर?"

"तर इंजिन किनाऱ्यावर आणि डबा बोटीवर. एकमेकांना बघत बसतील."

हनीफ भांडी घेऊन गेला तरी निमकर तिथेच बसून राहिले. त्यांना कुमुद आठवली होती.

त्यांना एकच मुलगा, सिद्धार्थ. अबुधाबीत बँकेत होता, चांगल्या हुद्द्यावर. तो लहान असताना निमकर सहा-सहा महिने समुद्रावर असत आणि कुमुद त्याला घेऊन अबुधाबीत, कंपनीच्या घरात. बाप घरी आला की मुलगा कुमुदला विचारायचा, "बाबांना विचार, सायकल घेतील का?" बाप कुमुदला सांगायचा, "त्याला म्हणावं, आधी गणितात मार्क दाखव." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले असत. कुमुद ते बोलणं इकडून तिकडे करायची आणि करताना त्यातला कडवटपणा काढून टाकायची. ती कधी काही अडवून ठेवत नसे. आईवडील आणि मुलगा असं घर चाललेलं आहे, असंच सगळ्यांना वाटायचं. बापलेक आपसात कधी बोललेच नव्हते, हे ती गेल्यावर कळलं.

तेरावा पुण्याला झाला. परतल्यावर अबुधाबीच्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये सिद्धार्थ म्हणाला होता, "बाबा, आता इथेच राहा, आमच्याकडे."

निमकर म्हणाले, "नको रे. तुमची कशाला ओढाताण?"

"ओके," सिद्धार्थ म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

त्याचाही दोष नव्हता. तो ज्या शाळेत शिकला आणि ज्या ऑफिसात वाढला, तिथे नाहीचा अर्थ नाही असा होता. बाबांना आपली बोट प्यारी आहे, त्यांच्यावर दबाव आणायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ते इमानदारीनं पाळलं. इकडे निमकर दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बोटीवर परतले. महिना गेला, वर्ष गेलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. निमकर त्या बहिणीबरोबर दोन वर्षं संसार करत होते.

त्यांना एकटं वाटायचं. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे सांगून टाकायला हवं. संध्याकाळी भोवतालच्या टँकरवर दिवे लागत, पलीकडे फुजैराचे डोंगर काळे होत, आणि निमकर डेकवर खुर्ची टाकून बसत. हाकेच्या अंतरावर शेकडो माणसं असतील, पण प्रत्येक जण आपापल्या लोखंडात. रविवारी सिद्धार्थचा फोन यायचा.

"जेवलात?"

"हो. तुम्ही?"

"हो. बोटीवर सगळं ओके?"

"ओके."

मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत थांबायचे. जिथे कुमुद 'अरे, ह्यांचा गुडघा दुखतोय, सांगत नाहीत,' असं म्हणाली असती, ती जागा रिकामी जायची. "बरं मग," सिद्धार्थ म्हणायचा. "बरं," निमकर म्हणायचे. सून उर्वी कधी मध्ये फोन घ्यायची, "बाबा, या ना कधीतरी," म्हणायची. कधीतरी म्हणजे कधी, हे निमकरांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

आणि मग ह्या मार्चमध्ये बोट विकली गेली. गिऱ्हाईक अलंगचं होतं, म्हणजे तोडायलाच. टगबोट येणार, तिला ओढत नेणार. हनीफ आणि आणखी तिघं तिच्यावर बसून जाणार, कारण चार माणसांना जेवायला लागतं. चीफ इंजिनिअर नको होता, कारण इंजिन चालणारच नव्हतं. कंपनीनं निमकरांना निरोपाचं गोड बोलून घेतलं आणि व्हिसा बोटीबरोबर संपेल हे शेवटी सांगितलं. पुण्याचा फ्लॅट होता, बंद. त्यात कुमुदची भांडी होती, कुमुदची कपाटं होती आणि कुमुद नव्हती. तिथे जायचं निमकरांच्या जिवावर आलं होतं. त्यांना मुलाकडे जायचं होतं. फक्त त्यानं परत एकदा विचारायला हवं होतं.

त्या रविवारी 'बरं मग'च्या आधी ते घाईघाईनं म्हणाले, "बोट चाललीये शनिवारी. आधी दोन दिवस धक्क्याला लावतायत. मिहिकाला बघायची असेल तर."

मिहिका म्हणजे नात. तिला बोट दाखवायची हौस निमकरांना होतीच, पण खरं सांगायचं तर हे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं.

"अरे वा," सिद्धार्थ म्हणाला. "येतो की."

शनिवारी सकाळी ते आले. उर्वीला ऑफिसचं काम निघालं होतं, म्हणून बापलेकीच. गेटवर पास करून गाडी धक्क्यावर आली, तेव्हा निमकर इस्त्रीचा शर्ट घालून शिडीपाशी उभे होते. मिहिकानं शाळेतून कागदी फितीची रिळं पैदा केली होती. आजोबांनी फोनवर एकदा ती फिल्म तिला पाठवली होती, ती तिच्या लक्षात राहिली.

"आजोबा, व्हेअर इज द ट्रेन?"

"ट्रेन नाही गं, रूळ आहेत. ये दाखवतो."

त्यांनी तिला खाटेखालचे रूळ दाखवले, टाक्या दाखवल्या, मागचा दरवाजा दाखवला. इंजिन बोटीवर का चढत नाही ते सांगितलं. मिहिका वाकून रुळाला हात लावत होती.

"सो द एंजिन नेव्हर गोज?"

"कधीच नाही."

"दॅट्स सो सॅड," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीतला आरसा बघायला पळाली. सिद्धार्थ मात्र रुळापाशी थांबला. त्यालाही काही विचारायचं असावं. पण तेवढ्यात दारात हनीफ आला, ट्रे घेऊन.

"साहेब, चहा घेणार? घेणार? घेणार?"

"बरं, अर्धा कप."

सिद्धार्थ हसला. "हे काय? तीनदा का विचारता?"

"साहब, एकेकदा विचारलं तर चाय ठंडी होती है," हनीफ म्हणाला. "पहिले दोन नको खरे नसतात ह्यांचे. मी ते एकदमच उडवून टाकतो. खलास."

निमकरांनी कान लाल होईपर्यंत कपात बघितलं. सिद्धार्थ त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला, आणि मिहिकानं हाक मारली म्हणून तिकडे गेला.

दुपारी टगनं दोर घेतला. निमकर आपली बॅग घेऊन शिडी उतरले. जन्मात ते बऱ्याच बोटींवरून उतरले होते, पण पुढची बोट ठाऊक नसताना कधी नाही. उतरताना त्यांनी कठड्यावर तळवा ठेवला आणि तो तापलेला होता तरी थोडा वेळ ठेवला. मिहिकानं फितीचं एक टोक वर हनीफकडे फेकलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा त्यानं झेललं. ओमाकी मारू धक्क्यापासून सुटली, आधी हातभर, मग ओढ्याएवढी. लाल फीत उलगडत गेली, ताणली, आणि पाण्याच्या मध्यावर कुठेतरी तुटली. हनीफनं उरलेला तुकडा हलवला. "साहेब, चहा वेळेवर घ्या," तो ओरडला. मग टगच्या इंजिनाच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

धक्क्यावर तिघं राहिले. सिद्धार्थनं किल्ली काढली. "बाबा, बॅग गाडीत टाकू? चला आमच्याकडे."

हेच ते. ह्याच वाक्यासाठी निमकरांनी दोन वर्षं समुद्रावर काढली होती. आणि त्यांच्या तोंडानं त्यांना न विचारता उत्तर देऊन टाकलं.

"नको रे. कंपनीनं गेस्ट हाउसला सोय केलीये. तुमची कशाला ओढाताण?"

"शुअर?"

निमकर अडकले. 'शुअर' हे विचारणं धरायचं की नाही, हे आजोबांनी शिकवलं नव्हतं. त्यात आग्रह नव्हता, नुसती चौकशी होती.

"शुअर," ते म्हणाले.

"ओके. पोचलात की फोन करा." सिद्धार्थनं वाकून नमस्कार केला. मिहिकानं आजोबांच्या कमरेला मिठी मारली. दारं लागली आणि गाडी गेटाकडे निघाली.

कंपनीची पिकअप अजून आली नव्हती. एकीकडे ओमाकी मारू लहान होत चालली होती, आणि ऊन तिरपं झाल्यामुळे तिच्या पाठीवरची जुनी अक्षरं स्पष्ट दिसत होती. दुसरीकडे गाडी गेटाच्या रांगेत उभी होती. मध्ये बॅग होती आणि निमकर होते. कुमुद असती तर गाडीची काच खाली करून म्हणाली असती, 'अरे, ते नको म्हणाले म्हणजे बॅग उचल.' ती नव्हती. ती यापुढेही नसणार होती, आणि हे इतक्या साध्या शब्दांत निमकरांना त्या धक्क्यावर पहिल्यांदा कळलं. त्यांना रडू आलं. त्यांनी फोन काढला.

"हां बाबा? काही राहिलं का?"

"राहिलं," निमकर म्हणाले. "सिद्धार्थ, मगाशी मी म्हणालो ना..."

"काय?"

"ते पहिलं नको होतं."

पलीकडे गाडीचा एसी ऐकू येत होता. मिहिका मागून काहीतरी विचारत होती, तिला त्यानं थांब म्हटलं.

"आणि एअरपोर्टला?" सिद्धार्थनं विचारलं. "तेव्हा म्हणालात ते?"

"तेही पहिलंच."

"दोन वर्षं, बाबा," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला आमच्याकडे यायचंच नाही."

"तुझी आई सांगायची तुला."

"हो. ती सांगायची."

दोघं गप्प राहिले, नेहमीसारखे. रविवारी ह्यापुढे 'बरं मग' यायचं. निमकर त्याची वाट बघत डोळे मिटून उभे राहिले.

"बाबा," सिद्धार्थ म्हणाला, "येता का? येता का? येता का?"

पहिले दोन त्यानं हनीफसारखे भरभर म्हटले. तिसरा त्याला नीट म्हणता आला नाही.

"हो," निमकर म्हणाले. अर्धा कप वगैरे काही म्हणाले नाहीत. "मला यायचंय."

गेटापाशी गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले. वळायला तिथे जागा नव्हती. ती तशीच, पाठ पुढे करून, हळूहळू धक्क्याकडे येऊ लागली, आणि निमकरांनी बॅग उचलली.